कानातले कण

प्रिय वायरमन,

तुझ्या आत्यांसमोर या नावाने हाक मारणार नाही, घाबरू नकोस. पण आईच्या पार्लरमधला ड्रायर दुरुस्त करायला आलास, तेव्हापासून माझ्यासाठी तू तोच आहेस. आणि आत्यांचा विषय निघालाच आहे, तर सोमवारी दुपारी काय झालं ते माझ्याकडूनच ऐक.

आईला नवा शाम्पू माझ्या केसांवर करून बघायचा होता. मी खुर्चीत बसून मान मागे बेसिनवर टेकवली मात्र, छत गरगरायला लागलं. खुर्चीचे हात घट्ट धरले तरी थांबेना. उठले, भिंत चाचपत कशीबशी दाराशी पोचले आणि सगळ्यांसमोर भडाभडा ओकले. आत्या केसांना रंग लावून बसल्या होत्या. त्यांच्या बाजूच्या बाईंनी आईला सल्ला दिला, की बाई गं, लग्नाची तारीख जरा अलीकडे ओढा. हशा पिकला. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं.

कात्री धरण्यापासून चारचौघांत बोलण्यापर्यंत मला सगळं आईने शिकवलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत फेस जाता कामा नये आणि आपलं नाव लोकांच्या तोंडी जाता कामा नये, हे अगदी पहिले धडे. त्याच आईने संध्याकाळी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता विचारलं, की काही असेल तर आत्ताच सांग. मी नाही म्हटलं, पण इतकी लाल झाले की मलाच माझा संशय यावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझी मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेखाली, आणि माझे डोळे बघत राहिल्या. बुबुळं आपोआप थरथरत होती म्हणे. कानात अगदी आत पाण्याने भरलेल्या तीन बारीक कमानदार नळ्या असतात. डोकं हललं की पाणी मागे रेंगाळतं, तिथले इवले केस वाकतात आणि आपण कुठे वळलो ते मेंदूला कळतं. केसांचं तेवढं मला लगेच समजलं! शेजारीच चुन्याचे कण असतात. ते जागा सोडून नळीत घरंगळले, की मान मागे जाताच कान म्हणतो आपण फिरतोय, डोळे म्हणतात छे, आणि त्यांच्या भांडणात पोट ढवळतं. बाईंनी माझं डोकं सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर वळवत ते कण परत पाठवले. उठले तेव्हा जमीन जागच्या जागी होती.

तेव्हाच घरी यायला हवं होतं. पण मी बाईंना म्हटलं, कागदावर आणखी एक ओळ लिहून द्याल का, दुसरं काही नाही म्हणून. त्यांना कळेना. मला तो शब्द उच्चारावा लागला. शेजारी आई मान डोलावत होती. लघवीची तपासणी करून बाईंनी लिहून दिलं.

तो कागद तुला पाठवायचा, म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. पाकिटात घातलाही होता. ओकल्याची लाज कधीच ओसरली रे, या कागदाची मात्र जात नाहीये. तू अजून काही विचारलंही नाहीस, आणि मी पुरावा घेऊन तयार! कागद मी काढून घेतलाय. आत्यांचा फोन तुला आला असेल. खरं काय ते वर लिहिलंय. त्याहून जास्त हवं असेल, तर मागू नकोस, सरळ लग्नाला नाही म्हणून टाक. नको असेल, तर रविवारी ये आणि आत्यांसमोर माझ्या शेजारी बस.

माझ्याकडून तरी तुझीच,
पार्लरवाली