आईच्या समाधीचा दगड

ती. अण्णांना शिवानीचा शरणार्थ.

मी दिल्लीत खुशाल हाय, जेवणही वेळेवर असतं. तुमचा गुडघा कसा हाय? धाकटा रुद्रेश रानात जायलाय का?

माझं काम तुमाला ठाऊकच हाय. जगात कोळशावर वीज करणारं कोणतं थर्मल उभं राहायलंय आणि कोणतं रद्द झालं, ते यादीत लिहायचं. काल आपल्या शिवारातल्या थर्मलची ओळ आली. कंपनीनं अर्ज माघारी घेतलाय. आपलंच रान, नजर चुकायची, म्हणून शेजारी बसणाऱ्या अर्पिताकडून दोनदा वाचून घेतलं. मग 'रद्द' लिहिलं आणि लय रडले. बरं वाटून रडले, घाबरू नका.

त्याच पानावर दुसऱ्या मुलखातली तीन नवी लिहावी लागली. तिथल्या रानांतही कुणाचं माणूस निजलं असंल.

तीन वर्षांमागं आपल्याच रानात आईला माती दिली, पण समाधीवर दगड बसवला न्हाई. थर्मलवाले रान घेतील, तिला उकरतील, असं म्हणून तुमी गप बसलात.

आता चारठाण्याच्या गवंड्याला बोलवा, अण्णा. आईला उठवायला कुणी येणार न्हाई.

तुमची लेक,
शिवानी