पाण्याचा प्रश्न

४ ऑक्टोबर
पोचलो. खोली घरमालकीण मावशींच्या घरामागे, अगदी उताराच्या पायथ्याशी. एक खिडकी, एक पंखा, भिंतीवर ओलीचे डाग. खाटेचे पाय विटांवर ठेवले आहेत. माझ्या कंबरदुखीची खबर इथपर्यंत कशी आली कोण जाणे. माणसं प्रेमळ आहेत.
निश्चय : १) रोज सकाळी चालणे. २) बिनसाखरेचा चहा. ३) आधी ऐकायचं, मग बोलायचं. मागच्या प्रोजेक्टवर लोकांनी उगाच तक्रार केली होती की मी ऐकत नाही.

६ ऑक्टोबर
शेतकऱ्यांची मीटिंग. ऐकलं. सगळ्यांचं म्हणणं एकच : पाण्याचा प्रश्न आहे. इतकं एकमत मी कुठेच पाहिलं नव्हतं. पुढे विचारायची गरजच पडली नाही, लगेच लॅपटॉप उघडला आणि शेततळ्याच्या स्लाइड्स दाखवल्या. मावशी मध्येच म्हणाल्या, अहो पण पाणी... मी म्हटलं, मावशी, काळजी सोडा, भरपूर मिळेल. त्या गप्प झाल्या. भरून आलं असावं.
त्यांचे दीर सगळ्याला एकच उत्तर देतात : बघू. मी त्यांचं नाव बघूकाका ठेवलं आहे. तत्त्वतः मंजुरी, अशी नोंद केली.
चहात साखर होती. पहिल्याच मीटिंगला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

११ ऑक्टोबर
जागा ठरली. वस्तीच्या डोक्यावर, उतारावरचा खोलगट भाग. माती आत्ताच ओली आहे, म्हणजे निसर्गाचीही साथ. खोदाई-मशीनचा ड्रायव्हर म्हणाला, साहेब, या मातीचा बांध म्हणजे लोण्याची भिंत. शिवाय विचारलं, तुम्ही राहायला वर की खाली? खाली म्हटल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. हसला मात्र नाही. विनोदी माणूस.
सकाळचं चालणं : पायवाटेवर चिखल. उद्यापासून.

१९ ऑक्टोबर
तळं पूर्ण झालं आणि आपोआप भरलंसुद्धा! ना पंप, ना पाइप. डोंगरातून झिरपून काठोकाठ. संस्थेच्या डायरेक्टर मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर : वॉव. मशीन परत पाठवलं.
सगळी वस्ती बघायला आली. कोणी एक शब्द बोललं नाही. एका बाईने बांधाला तळहात लावला, पोराचा ताप बघावा तसा, आणि हात पदराला पुसून निघून गेली. अभिमानाने शब्द फुटत नव्हते.
उद्घाटन २८ तारखेला चार वाजता. हिला आणि छोटीला बोलावलं आहे. बाबा काय काम करतात ते पोरीने एकदा पाहायला हवं.

२२ ऑक्टोबर
लोक बदलत आहेत. मावशींनी शेळ्या टेकडीवर हलवल्या. माझ्या माहितीपत्रकात 'उंचावरील चराई' असा परिच्छेद आहेच. कोणीतरी वाचतंय म्हणायचं. शेजाऱ्यांनी धान्याच्या कणग्या वर नेल्या, आज दाराच्या फळ्याही काढून नेल्या. घरांचं नूतनीकरण सुरू झालेलं दिसतं.
बघूकाका पाच-सहा जणांना घेऊन आले, हातात फावडी. बाजूने थोडं थोडं पाणी सोडायचं म्हणाले. श्रमदानाची ही तयारी पाहून गहिवरलो. पण उद्घाटनाला तळं रिकामं कसं दाखवणार? समजूत घालून परत पाठवलं आणि कुंपणाला कुलूप लावलं. मावशी दिरांना म्हणत होत्या, पालथ्या घड्यावर पाणी. बघूकाकांविषयीच असणार.

२४ ऑक्टोबर
सकाळी चपला खाटेखाली नव्हत्या. दाराजवळ सापडल्या, ओल्या. त्या स्वतः चालत गेलेल्या नाहीत.
मावशींनी आज समोर बसवून सांगितलं. आमचा पाण्याचा प्रश्न म्हणजे पाणी जास्त आहे. शेतं चिबड झालीत, पाणी मुरून बसतं, पिकाची मुळं कुजतात. आम्हाला पाणी काढायला एक चर हवा होता, तुम्ही ते डोक्यावर साठवून ठेवलंत.
मी शांतपणे समजावलं की लोकांना वाटणारी गरज आणि खरी गरज यांत फरक असतो, त्यावर मी पेपरसुद्धा वाचला आहे. त्या म्हणाल्या, बरं. मग तुमची खरी गरज आमच्या चुलीपर्यंत आलीय, तिला काय सांगू?
बाईंना विषय समजत नाही. पण बोलतात झकास.

२६ ऑक्टोबर
हिचा फोन. छोटीचा खोकला अजून आहे, खोली कोरडी आहे ना? मी म्हटलं, हवा थंड आहे. हे खोटं नाही.
बांधाला बारीक भेग. बोट जाईल एवढी. माती बसताना असं होतंच.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळी
भेगेत आता मूठ जाते. बांध आतल्या आत काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज करतो. उद्घाटनानंतर लक्ष घालायचं.
बघूकाका आले होते. प्रथमच 'बघू'खेरीज काही बोलले : साहेब, तुम्ही काय ते तुमचं बघा, पण लेकराला उद्या खाली झोपवू नका, वर आमच्यात पाठवा. पाहुणचाराची पद्धत आवडली. पण तिकडे पंखा नाही, तेव्हा नको म्हटलं.
रात्रीसाठी छोटीची गादी भिंतीकडून सरकवून ठेवली. तसं कारण काही नाही.

२८ ऑक्टोबर, सकाळी
दोघी दुपारच्या बसने येतील. रिबन, कात्री, भाषण तयार. वस्तीत चिटपाखरू नाही, कुत्रीसुद्धा नाहीत. सगळे आवरत असतील.

२८ ऑक्टोबर
बस येऊन गेलेली. स्टँडवर कोणी नाही. चहावाला टपरी गुंडाळत होता. म्हणाला, तुमच्या मंडळींना मावशी घेऊन गेल्या. कुठे, ते ऐकायला थांबलो नाही. खोलीकडे धावलो. दार उघडं होतं, आतलं दिसत नव्हतं. हाक मारली. मग वरून आवाज आला, ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण संपेचना.
कोणीतरी मागून कॉलर धरून ओढलं. बघूकाका. एवढ्या ताकदीची कल्पना नव्हती.

२९ ऑक्टोबर
टेकडीवर. दोघी इथेच आहेत. मावशींनी त्यांना बसमधून उतरवलं ते थेट वरच आणलं, साहेबांचा निरोप आहे असं सांगून. मी असा निरोप दिला नव्हता. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. मावशींच्या घराची मागची भिंत आणि माझी खोली गेली. शेतांवर चिखलाचा थर.
मॅडमचा मेसेज : रिपोर्टमध्ये नैसर्गिक आपत्ती लिहा.
हिने एकच विचारलं : भेग तुम्हाला माहीत होती? मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या होय, पण माती बसताना... पुढचं ऐकायला ती थांबली नाही. छोटीला मावशींजवळ निजवलं. मला शेळ्यांकडची जागा मिळाली आहे.

३० ऑक्टोबर
सकाळच्या बसने दोघी गेल्या. मीही बॅग घेऊन निघालो होतो. ही म्हणाली, तुम्ही कुठे? खाली चर खणायला माणसं कमी पडतायत, मी मावशींना तुमचं नाव सांगून ठेवलंय. छोटीने खिडकीतून हात हलवला. बहुधा मावशींना.
कामाला लागलो आहे. चर कुठून काढावा याबद्दल माझ्या दोन-तीन सूचना होत्या. बघूकाकांनी न बोलता फावडं हातात दिलं.
दांडा सैल आहे.