आजचा शब्द स्नेअर

९ जानेवारी, सकाळी ७
रात्रभर झोप नाय. दिंडोरीच्या या बाजूला बिबट्या फिरतोय. फॉरेस्टवाल्यांनी आमच्या द्राक्षबागेत पिंजरा लावलाय, आत शेळी. ती रात्रभर ओरडली, तिच्या जोडीला माझी तान्ही वेदिका. दीपकनं बाहेरून कडी लावली. बाई घाबरली की बाहेर पळते म्हणे. केवढी काळजी! नायतर शेजारच्या चंद्रभागाचा नवरा. तिला खुशाल एकटीला खुडणीला धाडतो.

१० जानेवारी
इंग्रजी शिकायचं. पक्कं. नणंद दीपमाला कॉलेजात हाय, रोज खिडकीशी येऊन एक शब्द देणार. आजचा स्नेअर. क्रियापद. फासा लावून धरणं. आला कुठून, विचारलं. लय जुन्या परदेशी बोलीत दोरीला म्हणायचे. नुसती दोरी! मग पिंजऱ्याला चालेल का? ती म्हणाली, नाय वहिनी, फाशाला दार नसतं. जनावर जेवढं ओढतं तेवढी गाठ आवळते.
मग ओढू नये ना. जनावरांना अक्कल नाय.

११ जानेवारी
शब्द राहिला. दीपकनं मोबाईल घेतला. इथं रेंज नाय म्हणे. आधी यायची, पण तेव्हा बिबट्या नव्हता. सासूबाई हसल्या, माझा लेक बायकोला तिजोरीत ठेवील. मीपण हसले.

१३ जानेवारी, दुपारी
वेदिकाच्या बोरन्हाणाला विंचूरला माहेरी न्यायला राजदादा आला होता. मोटरसायकल ओळखली. दीपकनं फाटकावरूनच सांगितलं, तुझ्या बहिणीला ताप हाय, झोपलीय. मी हाक मारणार होते, पण पोरगी नुकतीच डोळा लागून पडलेली. दादा गेला. उद्या दीपकशी स्पष्ट बोलणार.

१४ जानेवारी
सणाच्या दिवशी कुठं वाद घालायचा.

१५ जानेवारी
बिबट्या धरला! गाडीत घालून नेला. मी नवी साडी नेसले, पिशवी भरली, दाराशी बसले. दीपक आला. म्हणाला, एक गेला तरी त्याची मादी असतीच. कडीला कुलूप घातलं.

१६ जानेवारी
कुलूप कशाला, एवढंच विचारलं. उजव्या कानानं ऐकू येत नाय. दीपमाला खिडकीशी आली नाय. सासूबाई म्हणतात, तूच ताणलंस.
हे पान खिडकीतून रस्त्यावर टाकते. ज्याला सापडेल त्यानं राजदादाला फोन करा. नंबर पाठीमागं हाय. म्हणावं, एकटा येऊ नको, चार माणसं आण. आणि फाटकावर कोण काय सांगेल ते ऐकू नको. आजच करा.