एकाच ब्रेकरवर

३ मार्च
ब्रेकर पडला. अ‍ॅम्प्लिफायर लावताच, पुन्हा. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन त्याच लाइनवर – तेही बंद. पळत खाली गेले, खटका वर केला, पळत वर. दोन मिनिटं. बाबा हसत होते. "ट्रान्सफॉर्मर माझ्या हातचा आहे. सुरू होताना एका घासात सगळं ओढतो."
डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस, फार तर. बाबांना एवढंच हवंय – तरुणपणी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर एकदा ऐकायचा.

५ मार्च
ट्रान्सफॉर्मरच्या आधी थर्मिस्टर घातला. गार असतो तोवर करंट अडवतो, तापला की वाट देतो. सुरू केला. ब्रेकर टिकला. बाबांच्या आवडीची तबकडी शोधत होते, तेवढ्यात वीज गेली आणि तीन सेकंदांत आली. थर्मिस्टर तापलेलाच. अडवायला कोणी नाही. ब्रेकर पडला. मीटरच्या खोलीला कुलूप, वॉचमन किल्ली खिशात घालून चहाला. अकरा मिनिटं. ओठ निळे.
गार असतानाच तपासलं मी. बारा वर्षं दुरुस्तीच्या दुकानात हेच काम करते, आणि गार असतानाच तपासलं.

६ मार्च
दादा ताटावरून उठला. "तुला बाप हवाय की खोका?"
आतून बाबा : "खोका मलाही हवाय रे. बापाचं तुम्ही ठरवा."
कोणी हसलं नाही.

८ मार्च
बाबांचे श्वास मोजते. मिनिटाला बत्तीस. वेगळी लाइन ओढायला वायरमन आठ दिवसांनी येतो म्हणतो. आठ दिवस!

१० मार्च
थर्मिस्टर काढला. त्याच्या जागी जाड रेझिस्टर, सोबत रिले. पहिला अर्धा सेकंद रेझिस्टर अडवतो, मग रिले त्याला बाजूला सारतो. वीज गेली की रिले लगेच सुटतो, पुन्हा पहिल्यापासून. दुकानात तसाच ब्रेकर लावला, जोडीला मशीनएवढी मोटर. चाळीस वेळा वीज तोडली, जोडली. तापलेला असताना. एकदाही पडला नाही. मालक म्हणाले, "बाई, आता बटण तरी राहू द्या."
किती दिवसांनी जेवले.

११ मार्च
घरी आणून जागेवर बसवला. बाबा जागे झाले. "जमलं का गं?" म्हटलं, "बघू." जमलं म्हटलं असतं तर आत्ता लाव म्हणाले असते. उद्या दादा येतोय. त्याच्यासमोरच लावते. त्यालाही पटू दे.

१२ मार्च
औषध आणायला गेले. अर्धा तास. परतताना जिन्यातच गाणं ऐकू आलं. वाटलं, दादा पोचला, त्यानेच लावलं. मागे वळले तर दादा माझ्यामागून जिना चढत होता.
बाबांचा श्वास थांबला होता. मशीनचा प्लग त्यांनी काढून हातात धरलेला. ब्रेकर पडू नये म्हणून.
पडला नसता. मी सांगितलंच नव्हतं.