छप्पर असेपर्यंत

बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना स्मरून मी, एदुविहेस माएस्तास, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा संतांच्या लाकडी मूर्ती कोरणे, राहणार ओहितो सेको, रिओ अरिबा परगणा, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपणाखाली जे करायचे ते आयुष्यभर करून झाले आहे, ते पुढे येईलच.

एक. माझा देह पाइनच्या साध्या पेटीत ठेवून पुरावा. पेटीवर कोरीव वेलबुट्टी नको. जेवणाला लाल मिरचीचा पोसोले करावा आणि मक्याचे दाणे नीट शिजू द्यावेत. बाबांच्या वेळी ते कच्चे राहिले होते.

दोन. ओढ्याकाठचे शेत आणि पाटाच्या पाण्याचा हक्क माझा धाकटा भाऊ अमारान्ते यास. अट एकच. दर वसंतात पाट उपसायला त्याने स्वतः फावडे घेऊन उभे राहावे. आजवर त्याची कंबर नेमकी त्याच आठवड्यात धरत आली आहे.

तीन. सांता फेच्या बाजारात बक्षीस म्हणून मिळालेल्या सगळ्या निळ्या फिती जुन्या कलांच्या संवर्धन मंडळाला परत कराव्यात. मूर्ती मी कोरल्या, पण त्या बाबांच्या मूर्तींची हुबेहूब नक्कल असल्याबद्दल फिती मिळाल्या. मंडळ वाईट नाही. ते नसते तर आमच्या डोंगरातली ही कला केव्हाच संपली असती, हे मी मान्य करते. पण त्यांनी कला जपली ती लोणच्यासारखी, झाकण घट्ट लावून.

चार. माझ्याकडे बाळ येशूची एक अनवाणी मूर्ती आहे. ती कोणाला द्यायची हे सांगण्याआधी नवसाची गोष्ट लिहिणे भाग आहे.

मी दोन वर्षांची असताना मला घटसर्प झाला. माझे वडील, क्लेओफास माएस्तास, हे या खोऱ्यातले नावाजलेले मूर्तिकार. ते गावच्या देवळात सांतो नीन्योपुढे, म्हणजे बाळ येशूपुढे, गुडघ्यांवर बसले आणि सगळ्यांच्या देखत नवस बोलले: "हिला वाचव. आमच्या घरावर छप्पर असेपर्यंत त्या घरात तुझी मूर्ती कोरली जाईल. आधी ही कोरेल, हिच्यामागे आमच्या रक्ताचं जे कोणी असेल ते कोरेल." मी वाचले. मला कोणी काही विचारले नाही. दोन वर्षांच्या पोरीला कोण विचारणार? नवस बाबा बोलले, फेडते आहे मी.

सांतो नीन्यो रात्री डोंगरातून हिंडतो, अडलेल्यांना मदत करतो. त्याचे बूट झिजतात म्हणून आमच्याकडे लोक त्याला तान्ह्या मुलांचे नवे बूट वाहतात. अशा पायाला भिंगरी लावलेल्या देवाच्या मूर्ती कोरत मी एका खोलीत बसले.

एकोणिसाव्या वर्षी मला मेलितोनने मागणी घातली. तो वर कोलोरॅडोत, पुएब्लोला रेल्वेत होता. मी बाबांना सांगितले. त्यांनी मान वर न करता म्हटले, "जा की. मी कुठं अडवतोय? फक्त निघताना त्याला सांगून जा," आणि हातातली सुरी देव्हाऱ्याकडे केली. मला सांगता आले नाही. मेलितोनने पुढे दुसरीशी लग्न केले, त्याला दोष नाही. बाबांवर माझे प्रेम होते आणि बाबांचा मला राग येतो. दोन्ही आजही तेवढेच आहे.

कामाचा मात्र मला राग नाही. कॉटनवूडचे वाळके मूळ, वर खडूचा लेप, त्यावर रंग, शेवटी चुलीवर उकळलेल्या राळेचे वार्निश, यातले काहीही मला कधी जड झाले नाही. डोळ्यात शेवटचा काळा ठिपका दिला की मूर्ती माझ्याकडे बघते. त्या क्षणी मला कुठेही जावेसे वाटत नाही. तो क्षण संपला की वाटते.

एका वर्षी मी माझ्या मनाचा सांतो नीन्यो कोरला. बूट काढून दगडावर बसलेला, पाय ओढ्यात सोडलेले. मंडळाच्या हॅवर्लीबाईंनी तो बाजारात मांडू दिला नाही.

"एदुविहेस, हा परंपरेतला नाही. त्याचे बूट कुठायत?"

"काढून ठेवलेत. पाय दुखत असतील की त्याचे."

"तुमच्या वडिलांनी असा कधी केला नव्हता."

"म्हणून तर केला."

बाईंनी तो कापडात गुंडाळून मला परत दिला, अगदी हळुवारपणे. त्यांनी आपटला असता तर मला भांडता आले असते. घरी येऊन मी पुन्हा बूट घातलेले कोरू लागले. ही अनवाणी मूर्ती माझी भाची ब्रिहिदा हिला.

पाच. माझ्या सगळ्या सुऱ्या, पटाशा, रंगाच्या वाट्या ब्रिहिदालाच, कोणत्याही अटीशिवाय. तिने कोरावे, बटाटे सोलावेत किंवा त्या विकून टाकाव्यात. ब्रिहिदा अमारान्तेची मुलगी, अल्बुकर्कीच्या इस्पितळात नर्स आहे. रविवारी येते आणि माझ्याशेजारी बसून कोरते. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. सिअ‍ॅटलच्या इस्पितळाने तिला बोलावले आहे आणि ती उत्तर देत नाही. कारण विचारले तर म्हणाली, "आत्या, मला कोरायला आवडतं गं. पण कोरावंच लागेल म्हटलं की हात आखडतो. आणि जाते म्हणावं तर, तुझ्यानंतर मीच ना?"

मी तिच्या बापाशी बोलले. तो म्हणाला, "ताई, नवस म्हणजे काय टेलिफोन आहे, नको झाला की तोडून टाकायला? बाबांचा शब्द आहे. ब्रिहिदा बसेल तुझ्या जागी. मंडळ घराला पितळी पाटी लावणार आहे."

"लाव पाटी. फक्त खिळा पोरीच्या अंगात ठोकतोयस, तेवढं बघ."

"तू नाही का बसलीस? काय वाईट झालं तुझं?"

मी त्याला जेवायला वाढले. फादरना विचारले तर ते म्हणाले की असा नवस सोडवता येतो, मी लेखी देतो. अमारान्तेचे म्हणणे, फादर ओहायोचे आहेत, त्यांना आमच्या सांतो नीन्योचे काय कळते! ब्रिहिदाने फादरचेही ऐकले आणि बापाचेही. तिची मान बापाच्या बाजूला झुकली, कारण आमच्या घरात ती तशीच झुकते.

सहा. राहते घर. बाबा शब्दाला पक्के होते, तेव्हा मीही त्यांचा शब्द मोडत नाही, जसाच्या तसा पाळते. <s>माझ्या मृत्यूनंतर</s> घराचे छप्पर उतरवावे. वरची माती परसात टाकावी, फळ्या जाळाव्यात, तुळया देवळाला द्याव्यात. भिंतींना पुन्हा गिलावा करू नये. कच्च्या विटांचे घर आहे, पावसाबर्फाने ते मातीत मिळेल. मंडळाला घर, खोली किंवा पाटीपुरतीही भिंत देऊ नये. छप्पर नाही तर नवस नाही. यापुढे ब्रिहिदा जे कोरेल ते तिच्या मर्जीने.

खुलासा. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. शेजारी ओनोफ्रे, जो गावातली छपरे दुरुस्त करतो, त्याने सहावे कलम पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "अगं एदू, छप्पर उतरलं की नवस सुटतो ना? मग मरायची वाट कशाला बघतेस? शिडी गाडीतच आहे माझ्या."

मी ते कलम स्वतःशी पुन्हा वाचले. पोरीला बाहेर काढायच्या नादात मी स्वतःला या घरातच मेलेली धरून चालले होते. तसे लिहिलेही होते, चांगल्या अक्षरात.

सबब सहाव्या कलमातील 'माझ्या मृत्यूनंतर' हे दोन शब्द मी खोडले आहेत. त्यांच्या जागी 'बर्फ वितळताच' असे वाचावे. त्यानंतर माझा पत्ता बदलेल. नवा कोणता, ते अजून ठरलेले नाही.

साक्षीदार: ओनोफ्रे आर्चुलेता
साक्षीदार: पेर्फेक्ता लोवातो, शिक्षिका

ठिकाण: ओहितो सेको
तारीख: ११ मार्च १९९७

सही: एदुविहेस माएस्तास
खाडाखोड मान्य. ए. मा.