सोमवारची सही

११ जाने., शुक्र.
पत्र माझ्या नावाने, आत मजकूर कर्नलसाहेबांच्या लेकीचा. मोडकं हिंदी. त्यांचं टपाल पोलीस फोडतात, म्हणून माझा पत्ता. आई आता उठत नाही, बाबांना लवकर पाठवा.
पाठवा म्हणे! आपल्या डोंगरांचा वेगळा देश हवा म्हणून यांनी पोरांच्या हाती बंदुका दिल्या. सरकारने आणून ठेवलंय इथे. तालुका सोडायचा नाही, दर सोमवारी रोह्याला ठाण्यात सही. सहा वर्षं माझ्या मागच्या खोलीत. किती पोरं मेली विचारलं, तर उठून वालाला पाणी घालतात.
पत्र तांदळाच्या डब्यात. उद्या सांगेन.

१४, सोम.
नाही सांगितलं. सहीहून आल्या आल्या, "बाई, कागद आला काय?" आमच्या निडी गावची भाषा झालीय त्यांची. नाही म्हटलं. गेले तर पकडतील, अशी मनाची समजूत. खोटं सगळं. हे गेले की संध्याकाळी माझ्याशी बोलणारं कोण?
आणि जन्मभर शाळेत शिकवलं, खरं बोला. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

१९, शनि.
शेजारच्या नामदेवच्या शेतात पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं, भोवती जाळ.
"सायब, तुमच्याकडं असं हाय काय?"
"हाय. बांबूत भाजतो. ह्याच्याहून भारी."
हसले सगळे. मडकं उघडल्यावर साहेबांनी दरवर्षीसारखी पहिली ओंजळ पानावर बाजूला काढली. नामदेवच्या बायकोने विचारलं, कोनाची ही?
"बायकोची."
"मंग बोलवा की तिला!"
हातातली शेंग खाली ठेवली. घरी येऊन पत्र दिलं. त्यांनी पाकिटाच्या शिक्क्यावरची तारीख पाहिली. पत्र खिशात घालून खोलीत गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१, सोम.
सकाळी सहीला म्हणून निघाले. हातात नेहमीचीच पिशवी. दुपारी डबा उघडला, तर पेणहून आणलेले पोह्याचे पापड नाहीत. बायकोसाठी नेले असतील. चहाला दोन कप काढले, एक परत ठेवला.
संध्याकाळी हवालदार फटफटीवर.
"बाय, सायब आज सहीला नाय आले?"
"कांजिण्या आल्यात त्यांना. झोपलेत."
"बगू का जरा?"
"बघा की. घरी तान्हं आहे ना तुमच्या?"
अंगणातूनच हात जोडून गेला.
मग कडुनिंबाचा डहाळा तोडून त्यांच्या बंद दाराला खोवला. आता आठ दिवस तरी कुणी आत डोकावायचं नाही. तेवढेच दिवस मी त्यांचे खाल्ले होते.