माझ्या हातांचा बेल्ट

६ मे, मेडशी
सूनबाई वैष्णवी माझ्या पुतण्याच्या लग्नासाठी बंगलोरहून आली. कडेवर माझा नातू हरीओम, वय दीड वर्ष. सोबत एक प्लास्टिकची खुर्ची, तिला पाच पट्टे. परत जाताना विमानात हरीओमला यात बांधून बसवणार म्हणे. आमच्या ऋषिकेशने, म्हणजे त्याच्या बापाने, त्याची सीटसुद्धा वेगळी बुक केली आहे.
मी स्पष्ट बोललो. "आमच्याकडं दाव्यानं बैल बांधतात, लेकरू नाई."
ती म्हणाली, "मामाजी, विमान जोरात हललं तर मांडीवरचं लेकरू हातात राहत नाही."
इंजिनिअर पोरगी, पण काळीज चिमणीचं.

७ मे
संकल्प. मी आणि बायको विजयमाला पोहोचवायला बंगलोरला जाणारच आहोत, तर हरीओम माझ्या मांडीवर बसेल. नांगर धरलेले हात आहेत. शिवाय मी पूर्वी एकदा विमानात बसलेलो आहे. मेडशीत असे किती?

९ मे
प्रॅक्टिस केली. हरीओमच्या वजनाएवढी सोयाबीनची थैली मांडीवर घेऊन एसटीने मालेगावला गेलो. पकड उत्तम. फाट्यावर म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला, थैली उडाली आणि पुढच्या भागिरथाबाईच्या पाठीत बसली. बाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.
निष्कर्ष: ड्रायव्हर बेकार. विमानात म्हशी नसतात.

१२ मे
लग्न झालं. मांडवात हरीओम दिवसभर माझ्याच कडेवर. माझी मिशी ओढतो आणि हसतो. या पोराला माझ्याशिवाय करमत नाही.
वैष्णवी त्याला रोज थोडा वेळ त्या खुर्चीत बसवते, सवय व्हावी म्हणून. आज तो तिच्यात झोपला. दमला असेल.

१४ मे
सामान बांधलं. खुर्ची तात्पुरती गोठ्यात ठेवली. धूळ बसू नये म्हणून वरून कुटार, बैलांच्या चाऱ्याचा भुसा, टाकलं. याला लपवणं म्हणत नाहीत.

१५ मे, नागपूर विमानतळ
गाडीतून सामान उतरवताना वैष्णवीला कळलं की खुर्ची घरीच राहिली. एकदम रडायला लागली. मला म्हणाली, "मामाजी, तुमी ठेवतो म्हणाले होते ना?" मी म्हटलं, लग्नघरात होतं असं. विजयमाला माझ्याकडे बघत राहिली. आमच्या मंडळींना बघण्याची सवय आहे.
वैष्णवी म्हणाली, मग मी घेते मांडीवर. मी म्हटलं, आजोबा जिवंत आहे अजून. पोर आधीच माझ्या कडेवर होतं.

१७ मे, बंगलोर
परवाचं आज लिहितो. कालचा दिवस दवाखान्यात गेला.
मी आणि हरीओम खिडकीशी, मधे विजयमाला, वैष्णवी पलीकडच्या रांगेत, तिच्या शेजारी हरीओमची रिकामी सीट. हवाई सुंदरीने एक छोटा पट्टा आणला, माझ्या बेल्टमध्ये अडकवून हरीओमच्या पोटाला बांधला आणि सुटू देऊ नका म्हणाली. पोर किरकिर करायला लागलं. ती वळल्याबरोबर मी पट्टा सोडला, वर दुपट्टा पांघरला. कोणाला कळलं नाही. पोर गप्प झालं. म्हणजे मीच बरोबर.
मग ढग आले. बेल्ट बांधा म्हणून सांगितलं. माझा होता. विमान एकदम खाली पडलं, विहिरीत बादली सुटते तसं. पुढचं नीट आठवत नाही. हरीओम वर गेला, सामानाच्या कप्प्याला आपटला आणि मागच्या रांगेत पडला.
माझी पकड सुटली, हे खोटं आहे. पकड घट्टच होती. फक्त माझ्या सीटच्या दांड्यांवर होती.
कपाळाला टाके, गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पोर वाचलं हे नशीब. मी त्यांना सांगितलं, पायलट नवखा होता. ते पुढच्या पेशंटकडे गेले.

१८ मे
ऋषिकेशने विचारलं, पट्टा कोणी सोडला. मी म्हटलं, पट्टा चायना मालाचा असेल. विजयमाला भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यायनं सोडला. खुर्चीबी यायनंच कुटारात गाडली. अन् विमान पडलं तवा यायनं सोताले धरलं, लेकराले नाई."
पस्तीस वर्षांचा संसार, आणि ऐन वेळी बाई विरोधी पक्षात.
ऋषिकेश ओरडला नाही. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं.

२१ मे
हरीओम दवाखान्यातून घरी आला. हात गळ्याला बांधलेला, कपाळावर पट्टी. मी दोन्ही हात पुढे केले. तो असा किंचाळला की शेजारीण दार उघडून बघायला आली. औषधाचा परिणाम असावा. उद्यापर्यंत उतरेल.

२४ मे
उतरला नाही. मी दिसलो की घास तोंडातून बाहेर टाकतो. वैष्णवी आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मामाजी, त्याचं जेवण होईपर्यंत तुमी आतल्या खोलीत बसा." आवाज शांत होता. म्हणजे राग गेला आहे.
बसलो आहे. दार तिनेच ओढून घेतलं. वरण-भाताचा वास येतो आहे. हरीओम हसतो आहे. विजयमालाही हसते आहे, बऱ्याच दिवसांनी.
भांडी घासल्याचा आवाज आला, म्हणजे जेवण झालं. आता टीव्ही लागला.
बोलावतील.